गाडीच्या ड्रेन प्लगमधून ऑइल गळतंय: कारण शोधण्यापासून आटे दुरुस्त करण्यापर्यंत

इंजिनाच्या तळाशी ऑइल साठवणारं जे पसरट भांडं असतं, त्याला मेकॅनिक चेंबर म्हणतात. त्या चेंबरच्या सगळ्यात खालच्या जागी एक जाड बोल्ट बसवलेला असतो. तो काढला की जुनं ऑइल बाहेर पडतं. हाच ड्रेन प्लग. तो गळायला लागला की बहुतेकांचा हात पहिल्यांदा पान्याकडे जातो आणि प्लग आणखी आवळला जातो. कधीकधी गळती थांबतेही. पण अनेकदा ती तशीच राहते आणि आटे मात्र ताणले जातात. पुढच्या ऑइल बदलाच्या वेळी प्लगसोबत ॲल्युमिनियमचे आटेही बाहेर येतात आणि एका वॉशरचं काम चेंबर बदलण्यापर्यंत जाऊन पोचतं.

म्हणून सुरुवातीला एक गोष्ट पक्की समजून घ्या. या प्लगचे आटे ऑइल अडवत नाहीत. आटे सरळ असतात, निमुळते नसतात. त्यांच्यामध्ये बारीक फट असतेच आणि तिथून ऑइल आरामात खाली उतरतं. ऑइल अडतं ते प्लगची कॉलर (डोक्याखालची पसरट कड) आणि चेंबरचा सपाट भाग यांच्यामध्ये दाबल्या गेलेल्या वॉशरपाशी. आट्यांचं काम एवढंच, की वॉशर दाबून धरायचा.

दुसरं असं, की ऑइल पंपाचा दाब या प्लगवर येत नाही. चेंबरमध्ये ऑइल नुसतं साठलेलं असतं. दहा सेंटीमीटर उंचीच्या ऑइलचा तळाशी पडणारा दाब हवेच्या दाबाच्या एक टक्क्याहूनही कमी भरतो. एवढासा दाब अडवायला राक्षसी ताकद कशाला हवी? हवेत ते दोन स्वच्छ, सपाट पृष्ठभाग आणि त्यांच्यामध्ये योग्य मापाचा नवा वॉशर. या लेखात पुढे जे काही आहे ते याच समजुतीवर उभं आहे.

गळती नक्की प्लगचीच आहे ना?

या पायरीवर घाई करू नका, असं माझं कळकळीचं सांगणं आहे. ऑइल वरून कुठूनही आलं तरी शेवटी सगळ्यात खालच्या जागीच येऊन टपकतं आणि ती जागा बहुतेक गाड्यांत ड्रेन प्लगचीच असते. टॅपेट कव्हरचं गॅस्केट, ऑइल फिल्टरची रबरी रिंग, ऑइल प्रेशरचा स्विच, क्रँकचं पुढचं किंवा मागचं सील, चेंबर आणि ब्लॉकमधला जोड, यांपैकी काहीही झिरपत असलं तरी थेंब प्लगच्या डोक्यावरच लोंबताना दिसतो. शिवाय गाडी चालताना समोरून येणारा वारा ऑइल मागे ढकलतो, त्यामुळे डाग मूळ जागेपासून बराच लांब पसरतो. खाली प्लास्टिकचं संरक्षक कव्हर असेल तर ऑइल त्यात साठतं आणि भलत्याच भोकातून बाहेर येतं. ते कव्हर काढल्याशिवाय अंदाज बांधण्यात अर्थ नाही.

आधी द्रव ओळखा. एसीचं पाणी स्वच्छ आणि बिनवासाचं असतं, त्याची काळजी नको. कूलंट हिरवा, गुलाबी किंवा निळा आणि पाण्यासारखा पातळ असतो. लालसर तेलकट थेंब ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा किंवा पॉवर स्टिअरिंगचा असू शकतो. इंजिन ऑइल नवं असताना मधासारखं दिसतं, वापरलेलं तपकिरी ते काळं. गिअरबॉक्सलाही स्वतःचा ड्रेन प्लग असतो आणि तो फार लांब नसतो. इंजिनाचा समजून गिअरबॉक्सचंच ऑइल काढून टाकल्याचे प्रकार खरोखर घडतात. तेव्हा कुठला प्लग कशाचा, हे गाडीच्या पुस्तकात बघून घ्या.

आता चाचणी. इंजिन थंड असताना प्लग, त्याच्याभोवतीचा भाग आणि वरची बाजू ब्रेक क्लीनर किंवा डीग्रीझर मारून फडक्याने लख्ख पुसा. वर म्हणजे फिल्टरपर्यंत आणि चेंबरच्या जोडापर्यंत सगळं. भाग पूर्ण सुकला की प्लगभोवती आणि त्याच्या वरच्या भिंतीवर टाल्कम पावडरचा पातळ थर द्या. गाडी सपाट जागी उभी करा, खाली कोरा पुठ्ठा ठेवा आणि इंजिन सुरू न करता काही तास तशीच राहू द्या. चेंबरमधल्या ऑइलच्या पातळीखाली प्लग सतत बुडालेला असतो, त्यामुळे त्याची गळती गाडी उभी असतानाही चालू राहते. वरच्या गॅस्केटची गळती बहुतेक करून इंजिन चालू असताना वाढते. कॉलरच्या कडेने पावडर ओली झाली आणि वरची भिंत कोरडी राहिली, तर दोष प्लगपाशीच आहे.

काही तासांनी काहीच दिसलं नाही, तर इंजिन दहा-पंधरा मिनिटं चालवून बंद करा आणि पुन्हा बघा. गरम ऑइल पातळ होतं आणि थंडीत न दिसणारी फट उघडी पाडतं. वरून खाली येणारी ओली रेघ दिसली, तर प्लगला हात लावू नका. ती रेघ जिथून सुरू होते तिथे काम आहे. एवढं करूनही उमगलं नाही, तर ऑइलमध्ये टाकायचा चमकणारा रंग मिळतो. तो टाकून गाडी थोडी चालवायची आणि अतिनील प्रकाशाच्या टॉर्चखाली बघायचं, की उगम स्पष्ट चमकतो.

गळती किती गंभीर आहे याचा अंदाजही घेऊन ठेवा. साधारण २० ते ३० थेंबांचा एक मिलिलिटर होतो. मिनिटाला एक थेंब पडत असेल तर दिवसाला १४४० थेंब, म्हणजे ५० ते ७० मिलिलिटर. या वेगाने दोन-तीन आठवड्यांत लिटरभर ऑइल जातं. बऱ्याच गाड्यांच्या डिपस्टिकवर (ऑइलची पातळी बघायच्या पट्टीवर) किमान आणि कमाल खुणांमधलं अंतर एवढंच, लिटरभराच्या आसपास असतं. प्लगवर नुसती ओल असेल तर पुढच्या ऑइल बदलापर्यंत डिपस्टिकवर नजर ठेवून थांबता येतं. थेंब पडत असतील तर थांबू नका.

प्लग गळतो तो कशामुळे

सगळ्यात जास्त वेळा कारण क्षुल्लक असतं: जुनाच वॉशर परत वापरलेला. तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा वॉशर एकदा दाबला गेला की त्या वेळच्या पृष्ठभागाचा ठसा घेतो आणि कडक होतो. दुसऱ्यांदा तो तसाच बसत नाही.

त्याच्या खालोखाल येतो तो दुहेरी वॉशर, आणि हा सहज नजरेतून सुटतो. प्लग काढताना जुना वॉशर चेंबरलाच चिकटून राहतो. काळ्या ऑइलमध्ये तो चेंबरचाच भाग वाटतो. मग प्लगवर नवा वॉशर चढवला जातो आणि एकावर एक असे दोन वॉशर बसतात. असा प्लग कितीही आवळला तरी ओलावतोच.

बाकी कारणं अशी: कॉलरखाली अडकलेला वाळूचा कण किंवा चिंधीचा धागा, वेगळ्याच मापाचा वॉशर, दुसऱ्या गाडीचा प्लग, जास्त आवळल्यामुळे पत्र्याच्या चेंबरचा आत दबलेला भाग, चेंबरला वेल्ड केलेल्या नटाच्या कडेला गेलेली चीर, रस्त्यावरच्या दगडाचा मार आणि अर्थात घसरलेले आटे. क्रँककेसमधली, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोकळीतली, वाफ बाहेर नेणारा व्हॉल्व्ह किंवा नळी तुंबली असेल तर आतला दाब वाढतो आणि कमकुवत जोडातून ऑइल बाहेर ढकललं जातं. प्लगसोबत दोन-तीन ठिकाणी एकदम ओल दिसू लागली तर या नळीवर संशय घ्या.

कामाला लागण्याआधी काय जमवायचं

गाडीच्या पुस्तकातून तीन गोष्टी काढा: प्लगचं माप, वॉशरचा प्रकार आणि आवळण्याचा टॉर्क, म्हणजे किती जोराने पिळायचं तो आकडा. टोयोटाच्या अनेक चार सिलिंडर इंजिनांत प्लग १२ मिलिमीटर जाडीचा आणि १.२५ पिचचा असतो (पिच म्हणजे शेजारच्या दोन आट्यांमधलं मिलिमीटरमधलं अंतर). होंडात साधारणपणे १४ मिलिमीटर आणि १.५ पिच. फोक्सवॅगन गटाच्या बऱ्याच गाड्यांत वॉशर प्लगलाच अडकवलेला येतो. तो वेगळा निघत नाही, त्यामुळे दर वेळी अख्खा प्लगच बदलायचा असतो. म्हणून नवा वॉशर किंवा नवा प्लग हातात आल्याशिवाय जुना उघडू नका.

हत्यारं मोजकीच लागतात. सहा कोनांचा सॉकेट घ्या. बारा कोनांचा सॉकेट घट्ट बसलेल्या प्लगची कोपरं गोल करतो. मापं बहुतेक वेळा १४ किंवा १७ मिलिमीटरची. काही प्लगना आतून षटकोनी खाच असते, तिथे ॲलन की लागते. त्याशिवाय टॉर्क रेंच (ठरवलेला जोर लागला की टिक वाजवणारा पाना), चेंबरमधलं सगळं ऑइल मावेल असं पसरट भांडं, नायट्राइलचे हातमोजे, डोळ्यांना चष्मा, धागे न सोडणारं फडकं, ब्रेक क्लीनर, टॉर्च आणि पुरेसं नवं ऑइल. ऑइल बदलायची वेळ जवळ आली असेल तर फिल्टरही आणा, एकाच खटपटीत दोन्ही कामं होतील. ऑइल नुकतंच भरलेलं असेल तर ते फेकायची गरज नाही. धुऊन पूर्ण कोरडं केलेलं स्वच्छ भांडं वापरा, काढलेलं ऑइल झाकून ठेवा आणि बारीक जाळीतून गाळून परत भरा.

गाडी उचलताना

या भागात मला कसलीही तडजोड मान्य नाही. जॅक हे गाडी उचलायचं साधन आहे, धरून ठेवायचं नाही. फक्त जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली हातसुद्धा घालू नये. कठीण, सपाट जमीन निवडा. हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये किंवा पार्कमध्ये ठेवा आणि जी चाकं जमिनीवर राहणार त्यांच्या पुढे-मागे लाकडी ठोकळे लावा. पुस्तकात दाखवलेल्या जागीच जॅक लावून गाडी उचला, मजबूत जागी दोन स्टँड द्या, गाडी त्यांच्यावर टेकवा आणि खाली जाण्याआधी बाजूने जोरात हलवून बघा. विटा, दगड, सिमेंटचे ब्लॉक स्टँड म्हणून वापरू नका. ते आधी न सांगता एकदम फुटतात. गाडीची उंचीच पुरेशी असेल, तर न उचलता काम करणं सगळ्यात चांगलं.

इंजिन थंड असेल तर तीन-चार मिनिटं चालवा, ऑइल कोमट आणि वाहतं होईल. लांबच्या प्रवासावरून लगेच आला असाल तर तासभर थांबा. उकळतं ऑइल मनगटावरून कोपरापर्यंत ओघळतं आणि सायलेन्सरचा पाइप प्लगच्या अगदी शेजारी असू शकतो.

प्लग काढा आणि त्याला नीट बघा

वर ऑइल भरायचं झाकण उघडा, हवा मिळाली की धार सरळ पडते. प्लगभोवतीची माती पुसून घ्या, नाहीतर ती भोकातून आत जाईल. भांडं प्लगच्या थोडं पुढे, धार जाईल त्या दिशेला ठेवा. आधी धार तिरकी लांब पडते आणि नंतर जवळ येते, भांडं त्याप्रमाणे सरकवत राहा.

पान्याने प्लग अर्धा-पाऊण फेरा सैल करा आणि पुढे बोटांनी फिरवा. फिरवताना तो वर चेंबरकडे दाबून धरा म्हणजे शेवटचा आटा सुटेपर्यंत ऑइल अडून राहतं. मग झटक्यात बाजूला घ्या. सुटताना प्लग बोटांनी हलका फिरत होता की शेवटपर्यंत अडखळत होता, हे लक्षात ठेवा. अडखळणारा प्लग आट्यांची तब्येत सांगतो.

ऑइल निथळत असताना प्लग पुसून उजेडात धरा. त्याच्या आट्यांमध्ये चंदेरी, स्प्रिंगसारखी वळलेली तार अडकली असेल तर ती चेंबरच्या आट्यांचीच निघालेली साल आहे. कॉलरवर खड्डे, ओरखडे किंवा एका बाजूला झिजलेली कड आहे का बघा. टोकाला चुंबक असेल तर त्यावर करड्या रंगाचा मऊ लेप साठलेला दिसेल, तो नेहमीचा आहे, पुसून टाका. पण नखाला लागतील असे चकचकीत तुकडे दिसले तर तो इंजिनाच्या आतल्या झिजेचा इशारा आहे आणि त्याचा तपास गळतीपेक्षा महत्त्वाचा.

प्लगबद्दल शंका असेल तर नवाच घ्या. सगळ्या कामातली सगळ्यात स्वस्त वस्तू तीच आहे, आणि तिला वाचवण्याच्या नादात चेंबर गमावण्यात शहाणपणा नाही. नवा प्लग जुन्याशेजारी धरून लांबी, जाडी, पिच आणि कॉलरची रुंदी जुळते का बघा. त्याच मापाच्या एखाद्या नव्या नटात जुना प्लग जितका सहज फिरतो तितकाच नवाही फिरला पाहिजे. १.५ आणि १.२५ या पिचमधला फरक डोळ्यांना सहज कळत नाही. पिच गेज नसेल तर दोन प्लगांचे आटे एकमेकांत अडकवून उजेडासमोर धरा. ते सलग बसले नाहीत तर पिच वेगळी आहे.

बसण्याची जागा साफ करा

आता चेंबरवरचं भोक आणि त्याच्याभोवतीची सपाट रिंग बघा. नखाने किंवा प्लास्टिकच्या पातळ पट्टीने रिंगची कड खरवडून पाहा. काही उचकटलं तर तो जुना चिकटलेला वॉशर असतो. तो हळूच काढा. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने खणू नका, ॲल्युमिनियमवर पडलेला एक ओरखडा कायमची गळती देऊ शकतो.

ओरखडे आधीच असतील तर त्यांची दिशा महत्त्वाची. भोकाभोवती गोल फिरणारे बारीक ओरखडे फारसे त्रास देत नाहीत, कारण ऑइलला बाहेर पडायला वाट मिळत नाही. भोकापासून बाहेरच्या कडेपर्यंत जाणारा ओरखडा मात्र ऑइलची पन्हाळच बनतो. तो उथळ असेल तर ४०० नंबरचा पॉलिश पेपर लहान सपाट लाकडाला लावून, गोल फिरवत हलक्या हाताने घासा. त्याआधी भोकात फडक्याचा बोळा घाला आणि त्याचं टोक बाहेर राहू द्या. घासून झाल्यावर बोळा काढा आणि वरून पाव लिटरभर ऑइल ओतून कण बाहेर काढा. खोल ओरखड्याला घासत बसलात तर रिंग तिरकी होते. तिथे रबर लावलेला वॉशर वापरून बघा.

पत्र्याच्या चेंबरमध्ये नट आतून वेल्ड केलेला असतो. जास्त आवळल्याने रिंगभोवतीचा पत्रा आत दबून बशीसारखा झाला असेल, तर वॉशर फक्त कडेला टेकतो. नटाच्या कडेला चीर दिसली तर वॉशर बदलून उपयोग नाही. चेंबर उतरवून वेल्ड करावं लागेल किंवा बदलावं लागेल.

शेवटी रिंगवर ब्रेक क्लीनर मारलेलं फडकं फिरवा. फवारा थेट भोकात मारू नका. रिंग हाताला कोरडी लागली पाहिजे. ऑइल बराच वेळ थेंबथेंब येतच राहतं, ते एकदम थांबण्याची वाट बघू नका. प्लग बसवण्याच्या क्षणी एकदा पुसलं तरी पुरे.

वॉशर कुठला

गाडीला मुळात जो प्रकार होता तोच घ्यावा, कारण पुस्तकातला टॉर्क त्याच वॉशरसाठी ठरवलेला असतो. ॲल्युमिनियमचा वॉशर मऊ असतो, कमी जोरात छान बसतो आणि एकदाच वापरायचा. तांब्याचाही तसाच, फक्त थोडा कडक. आतून पोकळ किंवा घडी घातलेला वॉशर चिरडला जावा म्हणूनच बनवलेला असतो. तो आवळताना काही काळ पाना अडल्याशिवाय सरकत राहतो, ते पाहून आटे गेले असं समजू नका. फायबरचा वॉशर उष्णतेने वाळून तडकतो. स्टीलच्या रिंगच्या आत रबराची ओठी असलेला वॉशर थोड्याशा खराब पृष्ठभागावरही चांगला टिकतो. जुन्या, ओरखडलेल्या चेंबरसाठी माझी पसंती त्यालाच आहे. पण त्याचं आतलं माप नेमकं हवं. सैल असला तर तो एका बाजूला सरकतो आणि रबर कॉलरच्या बाहेर जातं.

अडचणीत तांब्याचा जुना वॉशर पुन्हा मऊ करता येतो. पक्कडीत धरून ज्योतीवर मंद लाल होईपर्यंत तापवा, गार करा, वर आलेला काळा थर बारीक पेपरने काढा. तांबं असं तापवल्यावर मऊ पडतं, पाण्यात बुडवून गार केलं तरी चालतं. पण वॉशर वाकला असेल किंवा त्यावर खोल ठसा असेल तर हा उपाय नको. ॲल्युमिनियमवर तर हा प्रयोग करूच नका, ते लाल न होताच वितळतं.

आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळणं किंवा सिलिकॉन सीलंट लावणं हे उपाय हमखास सुचवले जातात. दोन्ही टाळा. आट्यांमधून होणारी गळती वॉशर अडवतो, त्यामुळे टेप चुकीच्या जागी लावलेला उपाय ठरतो. शिवाय तिचे तुकडे सुटून ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसू शकतात. घट्ट बसल्याचा खोटा भास होतो तो वेगळाच.

प्लग बसवणं

वॉशर प्लगवर चढवा आणि प्लग बोटांनी लावा. पाना किंवा रॅचेट या टप्प्यावर हातातही घेऊ नका. प्लग भोकावर टेकवून आधी उलटा, म्हणजे सोडायच्या दिशेने हळू फिरवा. आटा आट्यावर बसला की बारीकशी टिक जाणवते. तिथून सरळ फिरवायला घ्या. वॉशर टेकेपर्यंत प्लग बोटांनीच गेला पाहिजे. दोन फेऱ्यांत अडला तर आटे तिरके बसलेत. बाहेर काढा, पुसा, पुन्हा लावा. जोर लावलात तर ॲल्युमिनियममध्ये चुकीचे आटे पडतात आणि मग मागे फिरता येत नाही.

आता टॉर्क. बहुतेक छोट्या आणि मध्यम गाड्यांत तो २५ ते ४५ न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो. होंडाच्या अनेक गाड्यांत ४० च्या जवळपास, फोक्सवॅगनच्या बऱ्याच गाड्यांत ३०. तुमच्या गाडीच्या पुस्तकातला आकडा शेवटचा. एकक मात्र वाचा. काही पुस्तकांत आणि रेंचांवर फूट-पाउंड असतं. ३० फूट-पाउंड म्हणजे जवळजवळ ४१ न्यूटन-मीटर, म्हणजे एककाच्या गोंधळात प्लग एक तृतीयांशाने जास्त आवळला जातो.

टॉर्क रेंच सावकाश, एका लयीत ओढा. टिक वाजली की थांबा. दुसऱ्यांदा खात्रीसाठी टिक वाजवू नका, दर वेळी प्लग थोडा पुढे सरकतो. काम झाल्यावर प्लगच्या डोक्यावरून चेंबरवर रंगाची एक रेघ ओढून ठेवा. पुढे प्लग सैल झाला का, हे नुसतं बघून कळेल.

टॉर्क रेंच नसेल तर हिशेब असा. २० सेंटीमीटर लांबीच्या पान्यावर ३० न्यूटन-मीटरसाठी टोकाला साधारण १५ किलोचा जोर लागतो. तोच दांडा अर्ध्या मीटरचा घेतला तर सहा किलोच पुरतात, म्हणजे एका हाताने सहज. आटे मरतात ते बहुतेक वेळा लांब दांड्यामुळे किंवा पान्यावर पाइप चढवल्यामुळे. म्हणून आखूड पाना घ्या, वॉशर दोन्हीकडून टेकला की तिथून साधारण पाव फेरा द्या आणि थांबा. घडीच्या वॉशरला यापेक्षा जास्त फिरवावं लागतं, तिथे अंदाजावर न जाता रेंच मिळवाच. हवेवर किंवा बॅटरीवर चालणारी इम्पॅक्ट गन या प्लगवर कधीच चालवू नका.

ऑइल भरा आणि पुन्हा तपासा

प्लगभोवतीचा सगळा भाग, शेजारचा लोखंडी बीम आणि कव्हर ब्रेक क्लीनरने पुसा. ही पायरी वगळली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा थेंब दिसतो आणि दुरुस्ती फसली असं वाटतं. प्रत्यक्षात काढताना बीमच्या आत गेलेलं ऑइल तेव्हा निथळत असतं.

पुस्तकातल्या क्षमतेपेक्षा थोडं कमी ऑइल भरा, झाकण लावा, गाडी खाली घ्या. इंजिन सुरू करून ऑइलचा दिवा विझतो का बघा. काही सेकंदांत विझला नाही तर लगेच बंद करा. दोन-तीन मिनिटांनी इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा आणि सपाट जागेवर डिपस्टिक वाचा. कमाल खुणेच्या वर जाऊ देऊ नका. जादा ऑइल क्रँकशाफ्टच्या माऱ्यात येऊन फेसाळतं.

मग पांढरा टिश्यू प्लगच्या कडेने फिरवा. कोरडा आला तर खालचं कव्हर बसवायला हरकत नाही. ५० ते १०० किलोमीटर चालवल्यानंतर टिश्यूची तपासणी पुन्हा करा आणि डिपस्टिकही बघा. किंचित ओल आढळली, तर पुस्तकातल्या टॉर्कवर एकदा पडताळा. टॉर्क बरोबर असूनही ओल येत असेल तर पुढे आवळू नका. वॉशर किंवा पृष्ठभागात दोष आहे आणि प्लग पुन्हा उघडावा लागणार आहे.

आटेच गेले असतील तर

प्लग फिरत राहतो पण घट्ट होत नाही, किंवा होता होता अचानक सैल पडतो, ही खूण. इथे मार्ग चार आहेत आणि त्यांची किंमत सारखी नाही.

पहिले एक-दोनच आटे मार खाऊन वाकले असतील तर त्याच मापाचा आटे सरळ करणारा टॅप (बोल्टसारखं आट्यांचं हत्यार) ग्रीस लावून फिरवला की काम भागतं. कापणारा टॅप नको, तो उरलेलं मटेरियलही खातो.

आटे निघून आले असतील तर धातूची बुश बसवणं हा टिकाऊ उपाय. भोक मोठं करून त्यात नवे आटे पाडतात आणि आतून मूळ मापाचे आटे असलेली स्टीलची बुश पक्की बसवतात. तारेच्या स्प्रिंगसारखी इन्सर्टही असते. पण दर वेळी उघडबंद होणाऱ्या ड्रेन प्लगसाठी अखंड बुश जास्त भरवशाची, आणि तिची कॉलर वॉशरला नवी सपाट जागाही देते. नीट बसवलेली बुश मूळच्या ॲल्युमिनियमच्या आट्यांपेक्षा मजबूत ठरते. भोक पाडताना ड्रिल अगदी सरळ जायला हवं आणि कीस आत राहता कामा नये. म्हणून चेंबर उतरवून हे काम केलेलं उत्तम. गाडीवरच करायचं झालं तर ड्रिलला आणि टॅपला भरपूर ग्रीस लावा, दर दोन फेऱ्यांनी काढून पुसा आणि शेवटी वरून ऑइल ओतून भोक धुऊन काढा.

तिसरा मार्ग म्हणजे स्वतःच आटे पाडत जाणारा मोठ्या मापाचा प्लग. झटपट होतो, पण तो तिरका जाण्याची भीती असते आणि कीस चेंबरमध्ये पडतो. असा प्लग वापरलाच तर मधोमध छोटा प्लग असलेला घ्या, म्हणजे मोठा कायमचा राहतो आणि ऑइल छोट्यातून काढता येतं. रबरी फुगणारा प्लग फक्त गॅरेजपर्यंत पोचण्यापुरता. आणि ॲल्युमिनियमला चीर गेली असेल तर चौथा मार्ग, म्हणजे नवं चेंबर. बाहेरून लावलेली इपॉक्सी तेलकट, सतत गरम-गार होणाऱ्या धातूवर टिकेलच असं नाही, आणि ती सुटते तेव्हा तुम्ही रस्त्यावर असता.

काही नव्या इंजिनांत चेंबरच प्लास्टिकचं असतं आणि प्लगही प्लास्टिकचा. त्याला वॉशरऐवजी रबराची रिंग असते आणि तो पाव फेऱ्यात खुणेपर्यंत फिरून अडकतो. तिथे वरचं आवळण्याचं गणित लागू नाही. नवा प्लग घ्या, रिंगला ऑइलचं बोट लावा, अडेपर्यंत फिरवा आणि थांबा.

प्रवासात गळती दिसली तर आधी डिपस्टिक बघा. किमान खुणेच्या खाली असेल तर ऑइल भरल्याशिवाय इंजिन सुरू करू नका. प्लग बोटांनी फिरण्याइतका सैल झाला असेल तर आखूड पान्याने बेताने आवळा, थांबत थांबत डिपस्टिक बघत जवळच्या गॅरेजपर्यंत जा. ऑइलचा लाल दिवा लागला की गाडी बाजूला घेऊन इंजिन तत्काळ बंद करा. त्या दिव्याखाली चालवलेले दोन-चार किलोमीटर बेअरिंग जाळायला पुरेसे असतात.

काढलेलं जुनं ऑइल गटारात, मातीत किंवा कचऱ्यात टाकू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात भरून, त्यात कूलंट, पेट्रोल काहीही न मिसळता, जुनं ऑइल गोळा करणाऱ्या केंद्रावर किंवा गॅरेजवर द्या. मिसळलेलं ऑइल पुन्हा शुद्ध करता येत नाही. हातमोजे काढल्यावर हात साबणाने धुवा, कारण वापरलेलं ऑइल वारंवार त्वचेला लागणं आरोग्याला घातक आहे. तेलाने भिजलेली फडकी हवा खेळेल अशी पसरून सुकवा किंवा झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवा, घडी करून कोपऱ्यात टाकू नका.